डोळ्यात कचरा गेलाय

“पत्ते खाली ठेवा,” रेठरेकर बाई म्हणाल्या.

आम्ही तिघींनी मुकाट्यानं पत्ते खाली ठेवले. बाई नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. नवरा वारल्यावर तिथलं बिऱ्हाड मोडून त्या कऱ्हाडला आमच्या कॉलनीत एकट्या राहायला आल्या, आणि धाकात ठेवायला त्यांना आम्ही तिघी सापडलो.

“प्रभा, तू आत्ता डोळा मारलास.”

“कुणाला?” मी विचारलं. या वयात माझ्यावर हा आळ येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“जुबेदाला. तू डोळा मारलास आणि तिनं बदामाच्या दश्शीची उतारी केली. एक्का अजून बाहेर होता. तो तुझ्याकडं आहे हे तिला कसं कळलं?”

मेंढीकोट ज्यांनी खेळला आहे त्यांना यातली मेख कळेल. चौघींच्या दोन जोड्या, जोडीदारणी समोरासमोर. खेळ सगळा चार दश्श्यांचा. ज्या जोडीकडे जास्त दश्श्या, तिचा डाव. त्यामुळं दश्शी हातातून सोडताना माणूस दहा वेळा विचार करतो. एक्का कुठं आहे हे माहीत नसताना कुणी दश्शी खाली टाकत नाही. आणि जोडीदारणीला एक्का कुठं आहे ते सांगायचे चोरटे मार्ग लहानपणापासून सगळ्यांनाच ठाऊक असतात. त्यातला पहिला म्हणजे डोळा.

“तसं काही नाही बाई,” जुबेदाभाभी चाचरत म्हणाली. “नातू शाळेतून यायची वेळ झाली. म्हटलं टाकून मोकळं व्हावं.”

“आणि डोळा कोण मारतंय? डोळ्यात कचरा गेलाय माझ्या,” मी म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “हे वाक्य मी फार ऐकलंय. ज्याला काही लपवायचं असतं ना, त्याच्याच डोळ्यात कचरा जातो.”

बाईंची जोडीदारीण कांचनबेन शहा तोंडाला पदर लावून हसली. तो डाव तिथंच मोडला. चहा कसाबसा उरकून आम्ही आपापल्या घरी गेलो.

खरं सांगायचं तर कचरा गेला नव्हता. कचरा जायला एकदा जातो, माझ्या डोळ्यात तर तो मुक्कामालाच आला होता. दिवाळीपासून सकाळी उठलं की पापण्या चिकटलेल्या असायच्या. उघडल्या की कुणीतरी रात्री नदीची वाळू आणून आत टाकून गेलंय असं टोचायचं. दुपारी लाली, संध्याकाळी आग. वाऱ्यावर बसलं की घळाघळा पाणी. रुमाल कमरेला खोचल्याशिवाय मी घराबाहेर पडत नव्हते.

घरात सांगितलं नाही असं नाही. आमचे मालक खताच्या दुकानातून जेवायला आले की वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचे. ते पानाआडूनच म्हणाले, “चष्म्याचा नंबर वाढला असंल.” मुलगा फोनवर म्हणाला, “आई, टीव्ही कमी बघ.” सून म्हणाली गुलाबपाणी घाला, ते घातलं. धाकट्या जावेनं एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ पाठवलं, तेही घातलं. मेडिकलवाल्यानं लाली घालवायचे थेंब दिले. ते घातले की तासभर डोळे पांढरेशुभ्र, आणि मग आधीपेक्षा दुप्पट लाल. डोळा जितका लाल तितके मी ते थेंब घालायची, आणि जितके थेंब घालायची तितका डोळा लाल.

साखरेचा आजार मला बऱ्याच वर्षांचा. गोळ्या चालू होत्या. साखर पायाला धरते, मूत्रपिंडाला धरते, एवढं दवाखान्यातल्या तक्त्यावर चित्र काढून लावलं होतं, ते मी वाचलेलं. पण डोळ्यात वाळू आणि रक्तात साखर यांचा काही संबंध असेल हे कुणाच्या मनात येणार? माझ्या तरी आलं नाही.

माझ्या मनात आलं ते निराळंच. रेठरेकर बाई पत्त्यांना पावडर लावायच्या.

हा त्यांचा जुना रिवाज. पत्ते जुने, हाताच्या घामानं चिकट झालेले. डाव मांडायच्या आधी बाई गठ्ठ्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरायच्या, पत्ते चोळायच्या, पंख्यापुढं झटकायच्या. मग पिसताना ते कसे सुळसुळ सरकायचे. आणि हे सगळं कुणाच्या बाजूला? माझ्या. पंखा त्यांच्या डोक्यामागं, मी वाऱ्याच्या तोंडाला. त्या दुपारी घरी येऊन डोळ्यांवर पाणी मारताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही जिंकतोय हे बाईंना सोसत नाही. आधी माझ्या डोळ्यात पावडर घालायची, मी डोळे मिचकावले की खूण केली म्हणायचं. मुख्याध्यापिकाच त्या, डोकं तर चालणारच!

आता हसू येतं. तेव्हा मात्र त्या विचारानं मला इतकी गोड खात्री दिली की मी रात्री छान झोपले.

दुसऱ्या दिवशी मी नवा कोरा पत्त्यांचा जोड घेऊन गेले. बाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, एकेक पत्ता खिडकीच्या उजेडाला धरला.

“जुन्याला काय झालं?”

“पावडर लागते डोळ्याला.”

“आजवर नाही लागली ती?” त्यांनी एक्क्याचे कोपरे नखानं चाचपले. “कुठं नख मारून ठेवलं नाहीस ना?”

“बाई! मी काय जुगारी आहे?”

“मी कुठं म्हटलं? मी फक्त बघतेय.”

नव्या पत्त्यांनीही माझे डोळे तसेच पाझरत राहिले. त्यात पत्ते भारी चांगले आले, हा माझा दोष नाही. आम्ही दोन डाव मारले, आणि तिसऱ्यात चारही दश्श्या आमच्याकडं येऊन मेंढीकोट चढला. बाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि एक गॉगल घेऊन आल्या. काळा, बाजूंनीही झाकलेला, डोळ्यांच्या दवाखान्यात देतात तसला.

“हा घालून खेळायचं.”

“घरात? उन्हाळा आहे का काय?”

“तुझ्या मनात काही नाही ना? मग घाल. तुलाही बरं, मलाही बरं.”

“आणि नाही घातला तर?”

“तर उद्यापासून डाव बंद.”

आता सांगते, त्या दुपारचा डाव म्हणजे माझ्यासाठी काय होता. सकाळी स्वयंपाक, दुपारी मालकांचं वर्तमानपत्र, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. घरात कुणाशी बोलावं म्हटलं तर कुकरची शिट्टी तेवढी उत्तर द्यायची. त्या तिघींच्यात बसलं की मी प्रभावती असायची, हसायची, भांडायची. तेवढाच वेळ माझा होता. तो बंद होऊ द्यायचा? त्यापेक्षा मी गॉगल घातला. कांचनबेन म्हणाली, “प्रभाताई, तुम्ही अगदी पोलिसातल्या बाईसारख्या दिसता हं!” मी तिच्याकडं रागानं बघितलं, पण काळ्या काचेतून तिला ते दिसलं नाही.

एक गंमत तेवढी झाली. गॉगल लावला की डोळ्यांना बरं वाटायचं. पाणी थांबायचं, टोचणं कमी व्हायचं. पण शिक्षेत सुख वाटतंय हे मी कुणाला सांगणार होते? मी गप्प बसले आणि पुन्हा जिंकत राहिले. बाई मात्र पत्त्यांकडं कमी आणि माझ्याकडं जास्त बघायला लागल्या. मान वर केली की त्यांची नजर. कधी माझ्या हातांवर, कधी माझ्या कमरेच्या रुमालावर. आता कसली खूण शोधतायत, मला कळेना. मी रुमालाला हात लावायचंही सोडून दिलं.

त्यात गणपती आले. कॉलनीच्या मंडपात दरवर्षी बायकांची मेंढीकोटची स्पर्धा व्हायची. बक्षीस म्हणजे स्टीलचा डबा, पण त्या डब्यावर मंडळाचं नाव कोरलेलं असायचं आणि तो ज्या घरात जाईल तिथं वर्षभर पाहुण्यांना दाखवला जायचा. नाव नोंदवून परत येताना जुबेदाभाभी गल्लीच्या वळणावर थांबली.

“प्रभाताई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“तुम्ही खुणा करत असाल तर मला त्या कळत नाहीत हो.”

“खुणा? मी?” माझ्या तोंडून निघालं.

“म्हणजे, करत नसालच,” ती घाईनं म्हणाली. “पण बाई इतक्या ठाम बोलतात. घरी आमचे हे म्हणाले, चारचौघांत नाव खराब व्हायला वेळ लागत नाही. करत असाल तर सांगून ठेवा, मी आपली दुसरीकडं बघीन.”

बाईंनी संशय घेतला, त्याचा मला राग आला होता. पण जुबेदा म्हणजे माझ्या समोर बसणारी बाई. तिच्या नातवाच्या गोवरात मी तिच्या घरी जागले होते, माझ्या थोरलीच्या लग्नात तिनं मांडवभर मेंदी काढली होती. खुणा केल्या असत्या तर तिलाच केल्या असत्या, आणि तिलाच आता माझी खात्री नव्हती.

“भाभी, माझे डोळे दुखतात. बाकी काही नाही.”

“हां, हां. तेच असंल,” ती म्हणाली. तिच्या आवाजावरून कळलं, तिचा विश्वास बसलेला नाही.

तेव्हाच मी ठरवलं, मंडपात गॉगल घालायचा नाही. सगळ्या कॉलनीनं विचारलं असतं आणि बाईंनी सांगितलं असतं. उघड्या डोळ्यांनी खेळायचं, पापणी न हलवता खेळायचं आणि सगळ्यांच्या देखत जिंकून दाखवायचं. त्याशिवाय माझं नाव धुऊन निघणार नव्हतं.

अंतिम डाव आमच्या चौघींतच लागला. दुपारची वेळ, मंडपात माणूस मावत नव्हता. उकडत होतं म्हणून मंडळाच्या पोरांनी एक मोठा उभा पंखा आणून लावला तो नेमका माझ्या समोर. आराशीतला थर्माकोल, अगरबत्तीचा धूर आणि त्या पंख्याचा वारा, सगळं माझ्या तोंडावर. मी बाईंकडं बघितलं. पंखा त्यांनीच लावायला सांगितला असणार, मला शंकाच उरली नाही.

“गॉगल?” बाईंनी हळूच विचारलं.

“आज नाही,” मी म्हणाले.

डोळे ताणून बसले. पापणी मिटायची नाही म्हणजे नाही. डोळ्यांत भट्टी पेटली. पत्त्यांवर धुकं आल्यासारखं झालं, कडेनं पाणी ओघळून हनुवटीपर्यंत आलं तरी मी पुसलं नाही. पाठीमागं कुणीतरी कुजबुजलं, “अगं, रडतात का त्या?” दुसरी म्हणाली, “घरात काहीतरी असंल.”

एकेक दश्शी दोन्हीकडं गेली. तिसरी आम्ही घेतली होती आणि हुकूम होता इस्पिक. बाईंनी चौकटचा एक्का टाकला. जुबेदानं दुर्री दिली. एक्का आपल्याच जोडीचा म्हणून कांचनबेननं त्याच्यावर चौकटची दश्शी बिनधास्त टाकली. शेवटची मी. मी माझे पत्ते बघितले. लाल पत्ता एकच होता, बदामाची अठ्ठी. चौकट नाही! मी इस्पिकची तिर्री टाकून तो हात कापला आणि दश्शी आमच्या ढिगात ओढली. मंडपात टाळ्या पडल्या. जुबेदाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू दिसलं.

पुढचा हात कांचनबेननं घेतला आणि मग बदाम उतरलं. मी माझी बदामाची अठ्ठी टाकली.

कांचनबेननं ती उचलून वर धरली. “ही तर चौकट आहे!”

“बदाम आहे.”

“चौकट आहे, प्रभाताई. हातात चौकट होती आणि तुम्ही हुकूम मारला?”

मेंढीकोटात यापेक्षा मोठा गुन्हा नाही. खुणेला पुरावा नसतो, याला तो हातात धरून दाखवता येतो.

मी पत्त्याकडं बघितलं. मला बदामच दिसत होतं. आणि मग मला जे सुचलं ते मी सगळ्यांच्या देखत बोलले. “पत्ता बदललात तुम्ही! बाई, हे तुमचं काम आहे. आधी पावडर, मग पंखा, आता पत्ता!”

मागून कुणीतरी ‘शीः’ केलं. जुबेदाभाभीनं आपले पत्ते पालथे केले आणि ती खाली मान घालून बसली. मला त्या मांडवात धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

“पत्ते खाली ठेवा,” रेठरेकर बाई म्हणाल्या.

पण आवाज तो नव्हता. लहान मुलीला समजवावं तसा होता. त्या टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या, पंख्याचं बटण बंद केलं आणि तो पत्ता माझ्यासमोर धरला.

“प्रभा, डोळे घट्ट मीट. मिटलेस? आता उघड. कोणता पत्ता?”

मी बघितलं. चौकट होती. लख्ख चौकट, आठ चौकोनी खडे.

“तुम्ही पुन्हा बदललात,” मी म्हणाले, पण माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

“बघत राहा. पापणी हलवू नकोस.”

मी बघत राहिले. खडे हळूहळू पसरले, त्यांच्या कडा विरघळल्या, आणि थोड्या वेळानं ते बदाम झाले म्हटलं असतं तरी मी शपथ घेतली असती.

बाई मंडपाकडं वळल्या. “हिनं चोरी केलेली नाही. हिला दिसत नाही. डाव आम्ही सोडला. डबा या दोघींचा.”

तुम्हाला वाटेल, मला हायसं वाटलं असेल. छे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोर म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. ‘हिला दिसत नाही’ म्हणजे काय? चांगली सुईत दोरा ओवणारी बाई मी, मला गणपतीपुढं आंधळी ठरवली! आणि वर डबा दान दिला. मी तो डबा तिथंच ठेवला आणि तरातरा घरी निघून आले. मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, “बायकांचे खेळ. जाऊ दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा उभी राहिली. आत रेठरेकर बाई, मांडीवर पर्स.

“चल. डोळ्यांच्या डॉक्टरकडं.”

“मला काही झालेलं नाही.”

“मग डॉक्टर तसं सांगेल आणि मी तुझी माफी मागीन. सगळ्या कॉलनीपुढं.”

ती माफी ऐकायला म्हणून मी रिक्षात बसले. दुसरं काही कारण नव्हतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. सगळं विचारलं. किती वर्षं साखर आहे, गोळ्या कोणत्या, डोळ्यात काय काय घालता. गुलाबपाणी, काजळ, लालीचे थेंब असं सगळं ऐकून ती कपाळाला हात लावायची तेवढी राहिली. मग म्हणाली, “काकू, तुमचे डोळे कोरडे पडलेत.”

मी बाईंकडं बघितलं. यांनी हिला आधीच पढवून ठेवलंय की काय? मी कमरेचा रुमाल काढून टेबलावर ठेवला. “हा बघा. पिळला तर वाटी भरंल. आणि कोरडे म्हणता?”

ती हसली नाही. कागदाची एक बारीक पट्टी तिनं माझ्या खालच्या पापणीत अडकवली. दुसरी दुसऱ्या डोळ्यात. “डोळे मिटून बसा. खरं खोटं हेच सांगतील.” थोड्या वेळानं पट्ट्या काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवल्या. टोकाला जरासा ओलावा, पुढं सगळा कागद कोरडा ठक्क.

“वाऱ्यानं, धुरानं डोळ्याला टोचलं की तो एकदम पाणी सोडतो, काकू. पण ते नुसतं पाणी. डोळ्यावर धरून राहायला जो ओलावा लागतो, तो तुमच्यात कमी झालाय. बऱ्याच वर्षांच्या साखरेनं डोळ्याच्या नसा मंदावतात, असं होऊ शकतं. मग टोचतं, अंधुक दिसतं, पापणी मिटली की क्षणभर स्वच्छ दिसतं. लालीचे थेंब आजपासून बंद. काजळही.”

मग तिनं बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि दिव्यानं कितीतरी वेळ आत बघत राहिली. बाई खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या. त्यांचे हात पर्सवर इतके घट्ट होते की माझ्यापेक्षा त्यांचाच निकाल लागायचाय असं वाटावं.

“डोळ्याच्या मागच्या पडद्याला इजा व्हायला सुरुवात झालीय,” डॉक्टर म्हणाली. “त्याचं कोरडेपणाशी नातं नाही, पण मूळ तेच, साखर. अजून नजरेला धक्का नाही. वेळेवर आलात. साखर आवरा आणि तपासायला येत राहा. टोचलं नसतं तर तुम्ही आलाच नसता, आणि पडद्याचं दुखत नाही, त्यामुळं कळलंही नसतं.”

बाईंनी एकदम श्वास सोडला. मी वळून बघितलं तर त्या चष्मा काढून पुसत होत्या.

परत येताना रिक्षात मला राहवलं नाही. “बाई, तुम्हाला कसं कळलं?”

“तू गॉगल घातलास आणि तुझा रुमाल कोरडा राहिला,” त्या बाहेर बघत म्हणाल्या. “खुणा थांबल्या तर हरायला हवी होतीस. तू जिंकतच राहिलीस. म्हणजे खूण नव्हती. मग काय होतं? मी बघत बसले. गॉगलच्या आधीचंही आठवलं, तू पत्ता हातात धरून डोळे मिचकावायचीस, तो टाकून झाल्यावर नाही. वाईट पत्ते आले तरी तेवढंच. परीक्षेच्या वर्गात पहाऱ्याला उभं राहून सवय लागलीय, एकदा संशय आला की मी सोडत नाही.”

रिक्षा पुलावर आली. खाली कोयनेचं पाणी गढूळ वाहत होतं.

“तो गॉगल आमच्या ह्यांचा,” बाई म्हणाल्या. “तेही संध्याकाळी पेपर खाली ठेवायचे आणि म्हणायचे, सुलोचना, डोळ्यात कचरा गेलाय. मला वाटायचं, कारण सांगतात. बाजारात जायचा कंटाळा, हिशेब बघायचा कंटाळा. म्हटलं, कामाच्या वेळीच बरा कचरा जातो तुमच्या डोळ्यात! शाळेतली एक पोर नजर चुकवू शकत नव्हती माझी. घरातल्या माणसाच्या डोळ्यांत मी एकदाही वाकून बघितलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा पडदा गेला होता. शेवटची वर्षं काळोखात काढली त्यांनी. साखरच.”

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाऱ्याचं नव्हतं एवढं मला नक्की सांगता येतं.

माफी राहिली ती राहिलीच. जुबेदाभाभीला बाईंनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी भाभी डबा घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि माझ्या गळ्यात पडली. तो डबा सहा महिने तिच्याकडं आणि सहा महिने माझ्याकडं, असा अजून फिरतो.

आणि डाव? डाव कुठं बंद होतोय! पावडर बंद झाली. पंखा माझ्या पाठीला आला. चहात साखर सगळ्यांचीच बंद झाली, त्यावर कांचनबेन अजून कुरकुरते. पत्ते पिसायच्या आधी बाई विचारायच्या, “थेंब?” मी बाटली काढून एकेक थेंब घालायची, आणि ते खरंच डोळ्यात गेले की गालावर, हे बाई वाकून बघायच्या. सकाळी कोमट फडक्यानं पापण्या शेकल्या का, तेही विचारायच्या. वर्षातून एकदा पडद्याची तपासणी असायची, तेव्हा रिक्षा त्याच आणायच्या. मालकांनीही वर्तमानपत्र जरा खाली धरायला सुरुवात केली, एवढं बाईंच्या धाकानं झालं.

आता बाई खूप थकल्यात. पत्ते त्यांच्या हातात थरथरतात. परवाच्या डावात आमच्या हातातून सगळं निसटत चाललं होतं. एक दश्शी आणि माझ्याकडं बदामाचा एक्का, एवढीच आशा. जुबेदाभाभी दश्शी हातात धरून घुटमळत होती. मला काय लहर आली कोण जाणे. इतकी वर्षं जो आळ सोसला तो एकदा तरी खरा करून बघावा म्हटलं. मी भाभीकडं बघितलं आणि डावा डोळा चांगला मारला.

तिनं दश्शी टाकली.

बाईंनी मान वर केली. त्यांनी बघितलं होतं. त्यांच्या नजरेतून आजवर काही सुटलेलं नाही, ते तरी कसं सुटेल? मी जीभ चावून बसले.

“प्रभा,” त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या, “डोळ्यात कचरा गेला का गं?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी आपले पत्ते पालथे केले.

“पत्ते खाली ठेवा सगळ्यांनी. आधी तिला थेंब घालू दे.”

मी मुकाट्यानं बाटली काढली.